यंत्रातला दोष

हार्वेस्टरच्या मळणीच्या ड्रमला गुंडाळलेलं गवत ज्योतीरामनं विळ्यानं कापून काढलं, तेव्हा त्यातून उपरण्याची एक चिंधी निघाली. त्यानं ती झटकन मुठीत घेतली आणि खिशात कोंबली. बांधावर चिमाबाई बसली होती. म्हातारीच्या दृष्टीस ती पडायला नको होती.

तिचा थोरला लेक नवनाथ गेल्यापासून त्या हार्वेस्टरला कुणी हात लावला नव्हता. चऱ्होलीत एवढं मोठं रान आता उरलंच नव्हतं. तिन्ही बाजूंनी इमारती चढलेल्या, आणि मधे बियाण्यासाठी राखलेलं चाऱ्याचं दीनानाथ गवत. त्या दिवशी नवनाथनं दहिवर सुकायच्या आतच कापणी सुरू केली. ओलं गवत ड्रममध्ये अडकलं. इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरला, झाकण उघडून त्यानं हात आत घातला, आणि ड्रम फिरला.

केबिनमध्ये कोण होतं, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. धाकटा भाऊ जयदीप. "मीच बसलो होतो. चुकून दांडा ओढला गेला," असं त्यानं स्वतःच पोलिसांना सांगितलं. वहिनी किंकाळी ऐकून घरातून धावत आली, हेही त्यानंच सांगितलं.

पोलिसांनी अपघात म्हटलं. चिमाबाईनं नाही म्हटलं. जमीन बिल्डरला द्यायची की नाही, यावरून दोघा भावांचं बिनसलं होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ती जयदीपच्या हातचं पाणीही घेत नव्हती.

ज्योतीरामला बोलावलं ते नवनाथच्या बायकोनं, विजयश्रीनं.

"दांडा आपोआप पडतो का, तेवढं बघा," ती म्हणाली होती. "आत्याबाईंचा जीव झुरणीला लागलाय. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मी त्या यंत्राच्या पायरीवर कदी पाय ठेवला न्हाई."

बोलताना तिनं पदर पुढं ओढला होता. तिच्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण होती.

ज्योतीराम मूळचा लातूरकडचा. काही वर्षं चाकणच्या कंपनीत काढून आता हार्वेस्टर दुरुस्तीवर पोट भरत होता. नवनाथला तो चांगला ओळखायचा. यंत्र अडलं की नवनाथ त्याला लाथ घालायचा. यंत्राला, बैलाला, जे समोर सापडेल त्याला.

त्यानं पट्टा तपासला, क्लच तपासला, स्प्रिंग काढून पाहिली. मग केबिनमध्ये चढून ड्रमचा दांडा हाताळला. मुठीवरचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं तरच तो हलत होता. ज्योतीरामनं इंजिनाचा वेग वाढवला, यंत्र ढेकळांवरून खडखडत नेलं, दांड्यावर वरून हातोडीचे ठोके दिले. दांडा जागचा हलला नाही.

आपोआप तर नाहीच. चुकूनही नाही. अंगठा बटणावर ठेवून, जाणूनबुजून ओढल्याशिवाय तो ड्रम फिरणारच नव्हता.

त्यानं खाली पाहिलं. चाकापाशी जयदीप उभा होता. शिफ्टवरून थेट आलेला, अंगावर अजून कंपनीचा गणवेश. डोळे खोल गेलेले. तो वर पाहत नव्हता.

ज्योतीराम खाली उतरला तशी चिमाबाई काठी टेकत समोर आली.

"सांग बाबा. माज्या पोराला यंत्रानं मारलं, का माज्याच दुसऱ्या पोरानं?"

वारा सुटला होता. पिकलेलं बी कापसासारखं उडून बांधापलीकडं जात होतं. ज्योतीराम म्हातारीच्या सुरकुतल्या हातांकडं बघत राहिला. एक लेक गेला होता. दुसराही गेला, तर हिनं कुणाच्या तोंडाकडं बघून जगायचं?

"यंत्रानं, आजी," तो म्हणाला. "दांड्याची खाच झिजलेली होती. इंजिन थरथरलं की आपसूक पडायचा. आता म्या नीट केलाय. पण वर बसलेल्या माणसाची काहीच चूक नव्हती बघा."

 चिमाबाईच्या हातून काठी गळून पडली. जयदीपचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून ती हमसाहमशी रडू लागली. "माज्या वासरा, तुज्यावर मी काय आळ घेतला रं!" जयदीप मात्र लाकडासारखा उभा होता. आईच्या खांद्यावरून तो फक्त वहिनीकडं पाहत होता. विजयश्रीनं तोंडाला पदर लावला होता.

"काप आता," ज्योतीरामकडं वळून म्हातारी म्हणाली. "नवनाथनं पेरलेलं हाय. मातीत जाऊ देऊ नगा."

ऊन चढलं होतं, ओल उडाली होती. ज्योतीरामनं पंख्याचं तोंड जवळजवळ बंद केलं, नाहीतर असलं हलकं बी भुशाबरोबर मागून उडून गेलं असतं. चाळणीवर काय पडतंय ते बघायला त्याला मागं थांबणं भाग होतं.

"तुमी बसा वर," तो जयदीपला म्हणाला.

"मी?"

"तुमाला ठावंच हाय की सगळं."

जयदीप सावकाश चढला. इंजिन चालूच होतं.

"ड्रम लावा!" ज्योतीराम मागून ओरडला.

जयदीपनं आधी एका दांड्याला हात घातला, मग दुसऱ्या. तिसरा सापडल्यावर त्यानं तो ओढला. दांडा हलला नाही. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला. पुन्हा दिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

ज्योतीरामचा हात चाळणीवरच थांबला.

बांधावर सासूला कुशीत घेऊन बसलेल्या विजयश्रीनं डोळे पुसत मान वर केली आणि इंजिनाच्या आवाजावरून हाक दिली.

"नुसतं ओढून न्हाई यायचा, भावजी! आधी अंगठ्यानं बटण दाबून धरा, मंग ओढा!"