लोणच्याची बुरशी

पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला, त्या साली पुण्याच्या कॉलेजातली इंदुमती ते औषध बायकांना समजावून सांगायला चऱ्होलीच्या शाळेत उभी राहिली. सूक्ष्मजंतू, संशोधन, प्रयोगशाळा असले शब्द कानावर पडताच निम्म्या बायका पेंगायला लागल्या. इंदुमती रडकुंडीला आली. शेवटी तिनं भाषणाचे कागद गुंडाळले आणि सरळ विचारलं, "तुमच्या लोणच्याला बुरशी येते का हो?"

सगळ्या खडबडून जाग्या झाल्या. पुढ्यात बसलेल्या गोजाबाई तर उसळल्याच. "येती की! ह्या आमच्या सूनबाईला कावळा शिवला व्हता, तरी बरणीला हात लावला. समदं लोणचं वाटुळं केलं!"

शेजारी बसलेल्या सुनेनं मान खाली घातली.

"त्यांचा काही दोष नाही, मावशी," इंदुमतीला आता चेव चढला. "बुरशीचं बी हवेतच तरंगत असतं. झाकण सैल राहिलं की हवा आत शिरते आणि बी लोणच्यावर रुजतं. तसल्याच एका बुरशीपासून हे औषध काढतात. सुनेच्या हातानं नाही, हवेनं नासलं तुमचं लोणचं!"

गोजाबाईंनी सुनेकडं पाहिलं. मग मान वर करून हवेकडं पाहिलं. चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. इंदुमतीचा जीव भांड्यात पडला. चला, एकीला तरी समजलं!

"आगं बया," गोजाबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी हवेला बी कावळा शिवतो व्हय!"