छत्रीमागची बाग

भालचंद्ररावांनी जास्वंदीच्या फुलामागे काळी छत्री उघडून ठेवली, पाकळ्यांवर पाणी शिंपडलं आणि रोजच्यापेक्षा वेगळा दिसावा म्हणून आज खालून फोटो काढला. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी खाटेवर पडून असलेली त्यांची बायको कुमुद रोज गच्चीवरच्या बागेचा फोटो मागायची. ती दवाखान्यात असताना बाकी सगळ्या कुंड्या वाळल्या, हे सांगायचा त्यांना धीर होत नव्हता.

कुमुदने फोटो निरखला. "फूल रोज नवं असतं, पण शेजारचं कुरतडलेलं पान तेच. त्या काळ्या कापडामागे काय लपवताय?"

"बाकीच्या कुंड्या वाळल्या," ते म्हणाले.

"असू द्या. गुलाबाची खोडं नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ते झाड जगेल."

आठ खोडं कोरडी निघाली. नवव्याचा फोटो त्यांनी मागच्या वाळक्या कुंड्यांसकट काढला. त्यात नखाएवढी हिरवी रेघ स्पष्ट आली.