खोडलेलं रॉकेल

"यादीत रॉकेल खोडलंय म्हणं, आन् डबा बघावा तर ठणठणाट!" सोजराबाई स्टोव्हपाशी पुटपुटल्या, ते बरोब्बर सुनेच्या कानाशी. बाहेरच्या खोलीत मुलाचे वरिष्ठ, अण्णासाहेब, येऊन बसलेले आणि घरात चहापुरतंही रॉकेल नाही.

कस्तुराने सासूच्या हातातली यादी घेतली. नवऱ्याची ही तऱ्हा तिला नवी नव्हती. पिशवी घेऊन बाजाराला जायला उंबरा ओलांडला की भिमाजी सामान आल्यासारखीच यादीवर रेघ मारायचा. विचारलं तर हसायचा. "विमानतळाच्या टॉवरवरची सवय गं. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, तिच्यावर त्याची उंची. खाली जा म्हणून सांगितलं की जुना आकडा लगेच खोडायचा. वैमानिक हलल्याचं कळवेपर्यंत थांबलो, तर मागच्याला जागा कधी देणार? अण्णासाहेबांचीच शिकवण. काम झपाझप होतं."

आता हसणं कुठलं! आठ दिवसांपूर्वी दोन विमानं सात हजार फुटांवर समोरासमोर आली होती. एकाने ऐनवेळी वळवलं म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून भिमाजीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कस्तुरा मात्र रोज धुण्याच्या दगडावर त्या दुसऱ्या वैमानिकाला आपटत होती. मेल्याला खाली जा म्हटलं तर जागचा हलला नाही, आणि नोकरी जाणार माझ्या माणसाची! कारखान्याचं फाटक सोडून टॉवरची शिडी चढलेला घराण्यातला हा पहिलाच.

अण्णासाहेबांनी खिशातून कागद काढला. "भिमा, सही कर. बोलणं टेप करणारं यंत्र त्या दिवशी बंद होतं. त्या वैमानिकाचा शब्द आणि तुझा शब्द. तुझ्या पाठीशी मी आहे."

भिमाजीने पेन उघडलं. पुन्हा बंद केलं.

"वाचा की मोठ्यानं," कोपऱ्यातून सासरे म्हणाले. धर्माजींना वाचता येत नव्हतं, पण कागदांचा त्यांना अनुभव होता.

अण्णासाहेबांनी नाइलाजाने वाचलं. सात हजार फूट उंची सोडल्याचे वैमानिकाने कळवले. त्यानंतरच ती दुसऱ्या विमानास देण्यात आली. प्रत्यक्षात त्याने ती सोडलेली नव्हती. सबब, वैमानिकाचा हलगर्जीपणा.

धर्माजींनी उजवा हात चटईवर पसरला. तीन बोटांचा. पिंपरीच्या कारखान्यात प्रेस यंत्राची, बोटं वाचवणारी जाळी काढायला सुपरवायझरनेच लावली होती. काम झपाझप होतं म्हणून. "माझ्या कागदावर बी ह्योच शब्द व्हता," ते म्हणाले. "कामगाराचा हलगर्जीपणा. आंगठा म्याच दिला त्याच्यावर."

भिमाजी बापाच्या हाताकडे बघेना. अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं. "जुनं कशाला उगाळायचं, बाबा? वहिनी, चहा टाकलात ना?"

कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॉकेलचा डबा उचलून ती तशीच बाहेर आली आणि साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांपुढे तो आदळला. खण्णकन् वाजला. वर यादी टेकवली.

"हा घ्या चहा! आमच्याकडं सगळं आलंय. कागदावर!"

बोलता बोलता तिची नजर यादीवर गेली. सरळ, ठाम रेघ. जराही हात न कापता मारलेली. मग तिने नवऱ्याच्या हातातल्या पेनकडे बघितलं. आठ दिवस दगडावर आपटलेला तो माणूस तिला आठवला, आणि तिचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"अहो, त्या वैमानिकानं काहीच कळवलं नव्हतं ना? विमान हलायच्या आधीच तुम्ही सात खोडलंत. रॉकेल खोडता तसं."