करडा कोट

उन्हाच्या देशातून येऊन तिला बरेच दिवस झाले होते, तरी थंडीचे कपडे काही अंगवळणी पडले नव्हते. दोन स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी आणि नाकापर्यंत मफलर चढवला की आपण बाई नसून गाठोडं आहोत असं तिला वाटे.

त्या संध्याकाळी बर्फ भुरभुरत होता. नवऱ्याला घ्यायला ती बसथांब्यावर गेली. कारखान्यातून सगळ्यांना मिळालेला तो करडा कोट बसमधून उतरताना दिसला, तसा तिने त्याच्या दंडात हात अडकवला आणि दोघं निसरड्या वाटेने घराकडे निघाली.

कानटोपीमुळे तिला स्वतःचाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. स्वप्नात बोलावं तशी ती बोलू लागली. "अहो, मला इथं करमत नाही हो. तुमचा हुरूप मोडेल म्हणून गप्प बसते. दिवसभर भिंतींशी बोलते."

त्याने पावलं हळू केली आणि तिचा हात सांभाळून धरला. इतकं मन लावून त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

घराची बेल वाजवली, तर दार नवऱ्यानेच उघडलं. तो आधीच्या बसने आला होता.

करड्या कोटाने मफलर खाली केला. मफलरआड पांढऱ्या मिशांचे कुणी अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी तिच्या हातमोज्यावर थोपटलं, स्वतःच्या, तिला न कळणाऱ्या भाषेत मायेने काहीतरी पुटपुटले आणि बर्फात दिसेनासे झाले.

"काय सांगत होतीस त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

तिने कानटोपी काढली.

"बसा. तुम्हालाच सांगत होते."