जावेच्या नळीतली हवा

दोघींच्या नळ्यांतून बुडबुडे सारखेच निघत होते, तरी बोयट माशांची झुंड आजही पुतळाच्याच नळीकडे गेली. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्र तापून पाण्यातला प्राणवायू आटल्यापासून खाडीत मासे जगत ते फक्त अशा हवेच्या नळ्यांपाशी, आणि ज्या घराच्या नळीपाशी मासा, त्या घराचा तो, असा कोळीवाड्याचा रिवाज होता.

"काय चेटूक करते मेली!" हौसा पुटपुटली. नारळी पौर्णिमेला नारळसुद्धा सगळ्यांनी या थोरल्या जावेचाच वाखाणला होता.

पुतळा जेवायला घरी गेली, तशी हौसाने तिच्या नळीचा कॉक बंद केला. थोड्याच वेळात झुंड इकडे वळली आणि हौसाच्या बुडबुड्यांवर तुटून पडली. हौसा खुदकन हसली. आता बघू दे तिला डोळे फाडून!

पण एका नळीची हवा एवढ्या माशांना कुठून पुरणार? आधी पिल्लं उलटी झाली, मग मोठी बोयटंही. हौसाने धावत जाऊन जावेचा कॉक उघडला, तोवर पाणी पोटांनी पांढरं झालं होतं.

तेवढ्यात पुतळा आली. हौसाच्या नळीभोवती मेलेले मासे पाहून तिने कपाळावर हात मारला.

"तुझे सगळे मासे गेले गो! हवा कमी पडत होती, तर मला हाक नाही मारायची? माझी नळी दिली असती ना तुला!"

पुतळाने तिला जवळ घेतलं. हौसा रडू लागली, आणि रडतानाही तिला जावेच्या त्या मनाचा हेवा वाटला.