डावा आरसा

लांबच्या प्रवासाची ती अवजड मोटारसायकल आता आजोबांना पेलवत नव्हती, म्हणून ती विकायला काढली होती. बघायला आलेला तरुण इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होता.

“पळते किती, आजोबा?”

“ह्यांना काय विचारतोस?” आजी दारातूनच म्हणाल्या. “हिच्यावर बसून आम्ही डोंगर ओलांडले, समुद्र गाठला. पण सायकलवालेसुद्धा हात करून पुढे जायचे. एवढं धूड घेतलं आणि चालवणारा भित्रा!”

आजोबा नुसते हसले आणि टाकीवरून फडकं फिरवत राहिले.

तरुण गाडीवर बसला. उजव्या आरशात त्याला मागचा रस्ता दिसला. डाव्यात मात्र मागच्या सीटचा टेका तेवढा दिसत होता.

“हा आरसा चुकीचा बसलाय, आजोबा.”

“चुकीचा नाही रे. जेवण झालं की ही मागे पेंगायला लागायची. डोळे मिटलेले दिसले की मी वेग कमी करायचो. पडली-बिडली असती म्हणजे?”

आजी पायऱ्या उतरून जवळ आल्या.

“मग मला कधी बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू झोपली असतीस का?”

तरुणाने आरसा नीट करायला हात पुढे केला.

“राहू दे तसाच,” आजी म्हणाल्या. “आणि तू जरा खाली उतर. अहो, तुम्ही मागे बसा. आज मला पुढे बसून बघायचंय.”