नारदाच्या जागी

पन्नास खाणकामगारांचा श्वास मोजून झाला, तरच डॉ. कमलाक्षीला दिल्लीची संशोधनाची फेलोशिप मिळणार होती. पण काम जाईल या भीतीनं गोव्यातल्या डिचोलीत तपासणीला कोणी येईना.

"बुवा, कीर्तनात माझ्यासाठी दोन शब्द सांगा," तिनं श्रीनाथबुवांना विनवलं. बुवाही जुने खाणकामगारच.

पूर्वरंग संपला. गळ्यात पडलेला हार बुवांनी तिलाच घातला. "उत्तररंग तुझा, बाय."

ती कीर्तनकाराच्या, नारदाच्या जागी उभी राहिली. "तपासणीचा कागद मालकाला नाही, तुमच्याच हातात देईन." त्या जागेच्या रिवाजानं म्हातारेसुद्धा तिच्या पाया पडले.

सकाळी रांग लागली, पहिले बुवा. त्यांनी नळीत फुंकलं, काटा जेमतेम हलला. एवढ्याशा श्वासावर तासभर गायले!

"बुवा, काल केवढा मान दिलात मला!"

"मान कसला गो? पुढं गायला दमच उरला नव्हता."